मढचा दगड आणि केंब्रिजची पदवी

आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलेमुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. संगणकशास्त्र, परिचर्या, व्यवस्थापन या विषयांसाठी घरातून संमती मिळते आणि बँकेतून कर्जही मिळते. मात्र एखाद्या मुलीने कलेतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करायचा मनोदय बोलून दाखवला, आणि तोही लंडनला किंवा अमेरिकेत, की घर क्षणभर स्तब्ध होते. चित्रे काढायला शिकण्यासाठी एवढ्या दूर कशाला, हा पहिला प्रश्न. कलेतिहास म्हणजे चित्रे काढणे नव्हे, हे कळल्यानंतर दुसरा प्रश्न येतो आणि तो अधिक अवघड असतो : आपल्याच मुलखातील लेणी, देवळे आणि चर्चे समजून घेण्यासाठी परक्यांच्या दारी का जावे?

हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे पालकांची आर्थिक काळजी आहे, तसाच एक स्वाभिमानही आहे. त्याचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा एखाद्या प्रदेशाच्या उदाहरणावर पारखून पाहणे बरे. प्रस्तुत लेखासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा मढ-जुन्नर हा परिसर निवडला आहे. परदेशात शिकलेल्या अभ्यासकांनी या परिसराविषयी काय लिहिले, त्यातले मोलाचे काय, अपुरे काय, आणि या सर्व विद्वत्तेतून मढच्या माणसाच्या हाती काय पडले, एवढाच हा शोध आहे.

माळशेज घाट चढून नगरच्या दिशेने निघालेला प्रवासी मढ गावात सहसा थांबत नाही. पावसाळ्यात धबधबे पाहून तो परततो, किंवा ओतूरकडे निघून जातो. पण कलेतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर हे गाव एका विलक्षण संग्रहालयाच्या उंबरठ्यावर वसले आहे. जवळच हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यापाशी, खिरेश्वर आहे. तेथील नागेश्वराच्या देवळाचे छत चौकटीचौकटींतून कोरलेले आहे. मान वर करून पाहणाऱ्यालाच ते दिसते. जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या गटांत मिळून पावणेदोनशेहून अधिक खोदकामे आहेत. इतक्या संख्येने एकत्र आलेली बौद्ध लेणी महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच सापडतील. पश्चिमेला नाणेघाट आहे. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमांवर कोरलेली नावे आहेत. प्रतिमा नष्ट झाल्या, नावे मात्र उरली.

आपल्या वाचकांपैकी जे वसईचे आहेत, त्यांना हा परिसर दूरचा वाटण्याचे कारण नाही. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला येत असे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा होता, असे तेथील लेखच सांगतो. मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या एका यवनाचे दान नोंदलेले आहे. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कांस्यकार यांच्या श्रेणींचीही नावे जुन्नरच्या लेखांत येतात. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली ज्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला, ते सोपारे आणि मढजवळची ही डोंगररांग एकाच वाटेची दोन टोके होती. ही वाट ओळखणे, दगडावरच्या खुणांवरून तिच्यावरून गेलेल्या माणसांपर्यंत पोहोचणे, हेच कलेतिहासाचे काम.

हे काम या भागात प्रथम इंग्रज अधिकाऱ्यांनी हाती घेतले. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्नरचे लेख विद्वानांपुढे मांडले. जेम्स बर्जेस यांनी भगवानलाल इंद्रजींच्या साहाय्याने पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा संग्रह १८८१ साली प्रसिद्ध केला. यांतील इंद्रजींचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुनागढचा हा पंडित परदेशी विद्यापीठात शिकायला गेला नाही. त्याने डोंगर चढून, लेखांचे ठसे घेऊन, अक्षर अक्षर लावून विद्या मिळवली, आणि पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. पदवी विद्येच्या मागून चालत आली. परदेशी शिक्षणाची चर्चा करताना हा क्रम विसरू नये.

विसाव्या शतकात भारतीय विद्यार्थी परदेशी जाऊ लागले आणि त्या प्रवासाचा एक आरंभबिंदू आपल्या परिचयाचा आहे. स्पेनमधून १९२२ साली मुंबईला आलेल्या फादर हेन्री हेरास या येशूसंघीय धर्मगुरूंनी सेंट झेवियर्स कॉलेजात १९२६ साली भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था उभी केली. तेथे त्यांच्या हाताखाली हसमुख सांकलियांनी नालंदा विद्यापीठावर संशोधन केले. ते १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यानंतर सांकलिया लंडनला गेले, गुजरातच्या पुरातत्त्वावर १९३६ साली डॉक्टरेट मिळवली, मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात माती उपसण्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य वेचले. महाराष्ट्राच्या प्राचीन वस्तूंचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी एक पिढी त्यांनी तेथे घडवली. परदेशातून त्यांनी पदवी आणली, हे खरे. पण त्याहून मोलाची जी गोष्ट आणली, ती होती कामाची शिस्त : मोजमाप, थरांची नोंद, सापडलेल्या क्षुल्लक खापराचाही हिशेब. ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, म्हणून लंडनचा खर्च सार्थकी लागला.

जुन्नरच्या लेण्यांपुरते बोलायचे, तर परदेशी पदव्युत्तर अभ्यासाचे सर्वांत ठळक फळ म्हणजे विद्या देहेजिया यांचा ग्रंथ. देहेजिया यांनीही मुंबईच्या सेंट झेवियर्समध्येच प्राचीन भारतीय संस्कृतीचा अभ्यास केला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, तेथे डॉक्टरेट मिळवली, आणि प्रारंभीच्या बौद्ध शैलमंदिरांच्या कालक्रमावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

या ग्रंथाचे मोठेपण कशात आहे? देहेजियांच्या आधी भाजे, बेडसे, कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी अशा स्थळांचे वर्णन स्वतंत्रपणे झालेले होते. कोणते लेणे सुंदर, कोणते ओबडधोबड, याविषयी मतेही होती. देहेजियांनी ही सारी स्थळे एका मापाखाली आणली. लेखांतील ब्राह्मी अक्षरांची वळणे कशी बदलत गेली हे त्यांनी ताडून पाहिले आणि त्या बदलाला कालक्रमाचा कणा मानले. स्तंभ, कमानी, छताच्या लाकडी वळणाच्या फासळ्या यांची साक्ष त्या कण्याशी जुळते का, हे तपासले. त्यातून ख्रिस्तपूर्व काळातील एक टप्पा, मग खंड, आणि ख्रिस्तोत्तर काळातील दुसरा टप्पा असे चित्र उभे राहिले. एकट्या जुन्नरला बसून हे दिसले नसते. तुलनेसाठी जी ग्रंथालये, जुनी छायाचित्रे, लेखांचे छापील संग्रह आणि प्रश्न विचारणारे गुरुजन एका छताखाली लागतात, ते त्या काळी केंब्रिजमध्ये होते. परदेशाच्या बाजूचा हा सर्वांत सबळ पुरावा मानावा लागेल.

तथापि समीक्षकाने येथेच थांबून चालणार नाही. जुन्नरचे बहुतेक लेख कालोल्लेखाविना आहेत. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या मानमोडीच्या लेखात ४६ हे वर्ष येते. परंतु ते शककालाचे मानले तर इसवी सन १२४ येते, आणि नहपानाच्या स्वतःच्या राज्यवर्षांचे मानले तर सारे गणित सरकते. अशा एकदोन खुंट्यांवर शतकांची वस्त्रे टांगलेली आहेत. अक्षरवळण हे घड्याळ म्हणून उपयोगी असले, तरी सर्व गावांत ते एकाच वेगाने चालत असेल असे गृहीत धरता येत नाही. वडिलांकडून शिकलेले जुने वळण एखादा पाथरवट आयुष्यभर गिरवीत राहील. त्याच डोंगरातला दुसरा पाथरवट बंदराकडून आलेले नवे वळण उचलेल. केंब्रिजच्या मेजावर ठशांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, की त्यांतील फरक काळाचा वाटू लागतो. तो हाताचाही असू शकतो.

या शंकेला बळ देणारे काम भारतातच झाले. एस. नागराजू यांचा पश्चिम भारतातील बौद्ध वास्तुकलेवरील ग्रंथ १९८१ साली दिल्लीहून प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच काळाची व्याप्ती इसवी सनपूर्व सुमारे २५० ते इसवी सन सुमारे ३०० अशी दिलेली आहे. म्हणजे लेण्यांचा आरंभ त्यांनी अशोकाच्या काळाच्या जवळ नेला. सुरेश वसंत जाधव यांनी तर जुन्नरच्या लेण्यांनाच आपल्या प्रबंधाचा विषय केले. तुळजा लेण्यातील गोल चैत्यगृह पाहिले म्हणजे अशा ठाण मांडून केलेल्या अभ्यासाचे महत्त्व पटते. बारा अष्टकोनी स्तंभांच्या वर्तुळात उभा असलेला तेथील स्तूप आणि त्यावरचे घुमटाकार छत ही रचना आपल्याकडे जवळजवळ एकमेव आहे. लांबट, पाठीमागे गोलाई असलेल्या नेहमीच्या चैत्यगृहांच्या रांगेत ती कोठे बसवायची? दुरून पाहणारा तिला अपवाद म्हणून बाजूला ठेवतो. जवळून पाहणारा विचारतो की, कदाचित हीच जुनी रीत असेल आणि लांबट रूप नंतर रूढ झाले असेल. प्रश्नच बदलतो.

देहेजिया आणि नागराजू यांच्यात कोण बरोबर, हा निवाडा येथे करायचा नाही. अभ्यासक्षेत्रात तो वाद अजून जिवंत आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे एवढेच की, परदेशी पदवीने जुन्नरला व्यापक तुलनेत आणले, आणि मग त्या तुलनेची पारख करण्यासाठी पुन्हा जुन्नरच्या डोंगरालाच साक्षीला बोलवावे लागले. या दोन्हींपैकी एक बाजू गळाली असती, तर ज्ञान लंगडे राहिले असते.

दुसरे उदाहरण आपल्या काळाच्या अधिक जवळचे आहे. मलिक अहमदाने १४९० साली बहमनी सत्तेपासून स्वातंत्र्य पुकारले तेव्हा त्याचे ठाणे जुन्नर होते. अहमदनगर शहराची पायाभरणी १४९४ साली झाली. ते शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. म्हणजे निजामशाहीचे पहिले पाऊल मढच्या शेजारी पडले. तरीही मराठी वाचकाच्या मनात निजामशाही ही शिवकाळाची केवळ प्रस्तावना असते. शहाजीराजे, मलिक अंबर आणि शिवनेरी यांच्यापुरतीच तिची आठवण निघते. तिच्या मशिदी, महाल, हमामखाने, पाण्याचे नळ यांकडे स्वतंत्र कलाविश्व म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली नव्हती.

पुण्याचे पुष्कर सोहोनी मुळात वास्तुविशारद. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी याच विषयावर डॉक्टरेट केली, आणि त्या अभ्यासातून निजामशाहीच्या वास्तुकलेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते पुण्याला परतून आयसर या संस्थेत अध्यापन करू लागले. या ग्रंथाचा विशेष असा की, तो निजामशाही इमारतींना बिजापूर-गोवळकोंड्याच्या सावलीत उभे करीत नाही. अहमदनगरच्या फराह बागेसारख्या महालाचे इराणी जगाशी नाते काय, आणि तो उभारणाऱ्या दख्खनी कारागिरांची घडण त्यात किती, असे दुहेरी प्रश्न तो विचारतो. फिलाडेल्फियात बसून इराण आणि मध्य आशियातील वास्तूंशी तुलना करण्याची सोय होती. दगड, चुना आणि पडक्या भिंतींचा आराखडा वाचण्याची नजर मात्र वास्तुविशारदाच्या शिक्षणातून आणि या मातीतून आलेली आहे. हा विद्यार्थी रिकाम्या हाताने परदेशी गेला नव्हता. प्रश्न बरोबर घेऊनच गेला होता.

या ग्रंथाची मर्यादा त्याच्या उपशीर्षकातच सांगितलेली आहे. दरबारी रीत आणि राजसत्ता हा त्याचा विषय. त्यामुळे राजधानी आणि दरबार यांच्या परिघाबाहेरचे खेडे त्यात अभावानेच येते. त्या काळी मढच्या आसपास कोणती घरे होती, कोणत्या पाथरवटांच्या पिढ्या देवळावरून मशिदीवर आणि मशिदीवरून गढीवर काम करीत गेल्या, हा प्रश्न पुढच्या विद्यार्थ्याची वाट पाहत आहे. ही त्रुटी लेखकाची म्हणण्यापेक्षा अभ्यासशाखेची म्हणावी. विद्यापीठीय कलेतिहास राजे, दाते आणि धर्मपीठे यांच्याभोवती सहज फिरतो, कारण त्यांचे लेख सापडतात. ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांचे लेख क्वचितच सापडतात.

आता परदेशातील या शिक्षणाची रचना पाहू, कारण पुष्कळ पालकांना तीच ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये कलेतिहासाची एम. ए. साधारणतः एका वर्षाची असते आणि डॉक्टरेट तीन ते चार वर्षांची. लंडनची कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट १९३२ पासून या एकाच विषयाला वाहिलेली आहे. आशियाई कलांसाठी १९१६ साली स्थापन झालेल्या सोआसचे नाव घेतले जाते. अमेरिकेत डॉक्टरेटला पाच ते सात वर्षे सहज लागतात. त्यात आधी अभ्यासक्रम, मग भाषांच्या परीक्षा, मग सर्वसाधारण परीक्षा आणि शेवटी प्रबंध. परंतु मोठ्या विद्यापीठांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्क माफ असते आणि अध्यापनसाहाय्याच्या बदल्यात निर्वाहभत्ता मिळतो. पालकांनी धसका घ्यावा तो एम. ए.च्या खर्चाचा, कारण तो सामान्यतः घरचा असतो. त्यासाठी १८९२ पासून चालत आलेली जमशेटजी टाटांची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे, चार्ल्स वॉलेस न्यास आहे, इनलॅक्स प्रतिष्ठान आहे, फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आहे. स्पर्धा कठीण आहे. पण दार बंद नाही.

भाषांच्या परीक्षेची अट ऐकून आपली मुले नाउमेद होतात. वस्तुतः या शिक्षणाचा खरा कस तेथेच लागतो. पाश्चात्त्य विद्यापीठ विचारते की, ज्या वस्तूविषयी तुम्ही बोलू इच्छिता तिच्या काळाची भाषा तुम्हाला येते का? जुन्नरच्या लेण्यांसाठी प्राकृत आणि ब्राह्मी, निजामशाहीसाठी फारसी, पेशवाईसाठी मोडी. यांपैकी मोडी आणि प्राकृत शिकण्याची उत्तम सोय पुण्यामुंबईत आहे. इंग्रजीतून सारे मिळते, अशा समजुतीत वाढलेला आपला पदवीधर तेथे पोहोचल्यावर त्याला कळते की, घरी राहून जे शिकायला हवे होते तेच त्याच्यापाशी नाही. ही शोकांतिका टाळण्यासारखी आहे. तिचा उपाय विमानतळापूर्वीच्या तीन वर्षांत आहे.

आपल्या समाजाला या विषयाशी बांधणारी एक वस्तू या परिसराच्या दक्षिणेला लोंबकळते आहे. आंबेगाव तालुक्यातून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या यात्रेकरूला तेथे एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा दिसते. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांपैकी एक म्हणून ओळखली जाते. वाईजवळ मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशा घंटा आहेत. यात्रेकरू ती वाजवतो आणि पुढे जातो. आपल्यापैकी कोणी गेला, तर वसईच्या आठवणीने तो क्षणभर थांबतो. पण कलेतिहासाचा विद्यार्थी तेथे काय करील? तो घंटेचा धातू, तिची उंची, कडेची नक्षी, तिच्यावरची अक्षरे टिपील. ती कोठे ओतली गेली, कोणत्या चर्चसाठी, कोणी दिली, हे शोधील. त्यासाठी त्याला लॅटिन व पोर्तुगीज लागेल, गोवा आणि लिस्बन येथील दफ्तरे लागतील, आणि मराठी बखरी व पेशवे दफ्तरही लागेल. एकाच घंटेसाठी तीन भाषा आणि दोन खंड! परदेशी शिक्षणाची गरज याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मिळणे कठीण. आणि या कामासाठी वसईच्या वा गोव्याच्या ख्रिस्ती घरातील मराठी मुलामुलीइतका नैसर्गिक अधिकारी दुसरा कोण आहे?

येथे एक खंत नोंदवली पाहिजे. आपल्या चर्चमधील लाकडी वेदी, हस्तिदंती मूर्ती, चांदीचे क्रूस यांच्या अभ्यासाचे मोठे केंद्र दीर्घकाळ लिस्बन राहिले. गोव्यात राशोल येथे १९९४ साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. तेव्हा कुठे या वस्तूंना आपल्या भूमीवर अभ्यासाचे घर मिळाले. चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांचीही कथा अशीच. मुंबईचे कलाशिक्षण सोडून ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात घडले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडीतील मारिया रंगवली. गोव्यात त्या चित्रांचे स्वागत होण्याऐवजी टीका झाली. १९६७ साली ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये नांदू लागायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. भारतातील ख्रिस्ती चित्रकलेवर आरंभीचा सविस्तर ग्रंथ लिहिला तो पुण्याच्या स्नेहसदनचे जर्मन येशूसंघीय फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी. ते परदेशातून येथे आले, मराठी शिकले, संतवाङ्मयात रमले आणि मग आपल्या चित्रांकडे वळले. आपण परदेशी जाऊन जे शिकू पाहतो, ते शिकवणारी माणसे कधी कधी आपल्याच अंगणात येऊन राहिली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परक्यांच्या दारी का जावे? वरील उदाहरणांवरून उत्तर असे दिसते : तुलना, शिस्त, दफ्तरे आणि निर्भीड प्रश्न यांसाठी जावे. सांकलियांनी शिस्त आणली, देहेजियांनी तुलना दिली, सोहोनींनी एका विसरलेल्या राजवटीला तिची जागा दिली. पण तिघांच्याही बाबतीत अभ्यासाचा विषय येथलाच होता, आणि त्या विषयाची ओढ जाण्यापूर्वी लागलेली होती. ज्याला तशी ओढ नाही, त्याने केवळ पदवीसाठी जाऊ नये. अशा विद्यार्थ्याला तेथील वर्गात त्या वेळी जी चर्चा चालू असेल तीच आपली वाटू लागते. मग त्याच्या प्रबंधात जुन्नर हे कुठल्यातरी सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून येते, आणि डोंगराचा दगड मागे राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो या सर्व विद्वत्तेला लागू पडतो. हे ग्रंथ इंग्रजीत आहेत, जाडजूड आहेत, महाग आहेत, आणि त्यांचा वाचक बहुधा विद्यापीठात बसलेला आहे. मढच्या शाळेतील शिक्षकाला खिरेश्वरच्या छताविषयी मुलांना चार शब्द सांगायचे असतील, तर त्याने काय वाचावे? म. श्री. माटे, गो. बं. देगलूरकर यांनी मराठीत लिहून ही वाट काही प्रमाणात मोकळी केली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचे सार शंभर पानांच्या मराठी पुस्तिकेत मांडावे, असा दंडक आपण समाज म्हणून का घालू नये? ज्या लेण्यांच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी वाट दाखवली, पाणी दिले, वटवाघळांच्या अंधारात कंदील धरला, त्यांचे एवढे देणे लागतेच. ते फेडले नाही तर त्या विद्येचा आणि साइक्सच्या काळातील साहेबी विद्येचा फरक काय राहिला?

याची किंमत दगडालाही मोजावी लागते. वस्तूचे मोल कळले नाही, तर ती जपली जात नाही. देवळाच्या जीर्णोद्धारात कोरीव शिळेवर तैलरंग चढतो, लेण्यात नावे कोरली जातात, चर्चच्या नूतनीकरणात जुनी वेदी भंगारात जाते. या गोष्टी दुष्टपणाने होत नाहीत. अज्ञानाने होतात, आणि त्या अज्ञानाचा काही वाटा इंग्रजी ग्रंथांत कुलूपबंद राहिलेल्या ज्ञानाकडे जातो. कलेतिहास हा चैनीचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा या नुकसानीचा हिशेब मांडावा.

म्हणून उद्या आपल्या घरातील एखादी मुलगी कलेतिहासासाठी परदेशी जाऊ म्हणाली, तर तिला अडवू नये. पण तिच्यापुढे तीन अटी ठेवाव्यात. जाण्यापूर्वी तिने आपल्या धर्मग्रामातील एखादी जुनी वस्तू, वेदी असो वा कबरीवरचा दगड, मोजून, रेखाटून, तिची हकिकत वडीलधाऱ्यांकडून लिहून काढावी. मोडी, पोर्तुगीज, फारसी किंवा प्राकृत यांपैकी एका भाषेची निदान अक्षरओळख करून घ्यावी. आणि परतल्यावर, किंवा तेथूनही, आपण जे शोधले ते मराठीत लिहून पाठवावे. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठीही पहिली अट खुली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून ललितकलांची विद्याशाखा आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. आणि मढहून खिरेश्वरला जाणारी वाट तर कोणालाच शुल्क मागत नाही. तेथे नागेश्वराच्या मंडपात उभे राहून मान वर करावी, एकेक चौकट नीट पाहावी आणि वहीत उतरून घ्यावी. केंब्रिजमध्येही पहिल्या दिवशी हाच धडा देतात.